साताऱ्याहून दोन लहान मुलांना घेऊन उन्हाळ्यात कुठे जावं?

ओवीचीआई (सातारा)

नमस्कार. आम्ही शाहूपुरीच्या बाजूला राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, ओवी दीड वर्षाची. यांची नोकरी एमआयडीसीत, सुट्टी आठवड्यातून एकच, तीही गुरुवारी. घरी सासूबाई आहेत. चारचाकी नाही, एक स्कूटी आहे.

बालवाडीला सुट्टी लागल्यापासून दिवस संपता संपत नाही. दोघं सकाळी सहाला उठतात. नऊपर्यंत गच्चीवर, जिन्यात, मोरीत पाण्याशी खेळ चालतो. मग ऊन असं चढतं की दार उघडवत नाही. दुपारी ओवी झोपते तेव्हा मोठ्याला गप्प बसवायला माझ्याकडे मोबाईलशिवाय काही उरत नाही. तासाभराने मोबाईल काढून घेतला की तो चिडतो, रडतो, जेवत नाही. त्याची काय चूक? त्याला पळायला जागा पाहिजे आणि मी त्याला खोलीत बसवते.

मागच्या महिन्यात दोनदा बाहेर काढून पाहिलं. पहिल्यांदा भावाच्या गाडीतून महाबळेश्वरला निघालो. मे महिना, त्यात रविवार. पसरणी घाटात गाडीला गाडी चिकटलेली. मुलाला तीन उलट्या झाल्या, ओवी रडून लाल झाली. कसंबसं पाचगणीपर्यंत पोचलो, रसवंतीत थांबलो आणि तिथूनच परत फिरलो. रात्री अंथरुणात मुलाने विचारलं, "आई, आज आपण कुठे गेलो होतो?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजून मनात आहे.

दुसऱ्यांदा कासला गेलो. फुलं ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतात हे माहीत होतं, पण उंचावर आहे, गार वाटेल असं वाटलं. पोचेपर्यंत अकरा वाजले. पठारावर सावलीचं नाव नाही, कातळ तापलेला. ओवीच्या मानेवर घामोळं उठलं ते चार दिवस गेलं नाही.

तर मला सांगा, तासाभराच्या आत पोचता येईल असं काय आहे? सावली हवी. मुलाला पाणी फार आवडतं, पण ओवी नुकती पळायला लागलीय, तेव्हा काठाची भीती वाटते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून अजिंक्यतारा आणि सज्जनगड सध्या नको. ठोसेघरचा धबधबा या दिवसांत आटलेला असतो, तोही नको. आणि एक गोष्ट खुपते: स्कूटीवरून आम्ही चौघं गेलो की सासूबाई घरी एकट्या राहतात. त्या काही बोलत नाहीत, पण आम्ही निघताना दारात उभ्या असतात.

घाटाखालची (वाई)

ताई, मेच्या रविवारी आम्ही वाईकरसुद्धा पसरणी घाट चढत नाही. वरती जायचंच कशाला? वाईतच उतरा.

सकाळी लवकरची एसटी धरलीत तर ऊन व्हायच्या आत ढोल्या गणपतीला पोचाल. देऊळ 1762 सालचं, रास्त्यांनी बांधलेलं. मूर्ती बघून झाली की मुलाला देवळाच्या मागच्या अंगाला न्या. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जातं. माझा लेक पाच वर्षांचा असताना हे ऐकल्यावर त्याने घरी येऊन बादलीत साबणाची वडी उभी धरली आणि तांब्याने पाणी ओतून बघितलं. आठवडाभर तोच खेळ.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर, रिक्षा मिळते. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावर मोठी घंटा. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या लढाईनंतर तिकडच्या चर्चमधून आलेली. वाड्यापेक्षा मुलं त्या घंटेपाशीच रमतात.

फक्त एक ध्यानात ठेवा. वरती धोम धरण आहे. तिथून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्यांवर पाणी वाढतं आणि ते हळूच वाढतं. पाण्याजवळच्या पायरीवर ओवीला खाली सोडू नका. मोठ्याचाही हात धरूनच.

दोनपोरांचाबाबा

वहिनी, आधी स्कूटीचं बोलतो, राग मानू नका. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हार्नेसने चालवणाऱ्याला बांधलेलं असावं, डोक्यात त्याच्या मापाचं हेल्मेट असावं आणि वेग ताशी 40 च्या वर नको, असा केंद्राचा नियम 2023 पासून लागू आहे. चार वर्षांवरचं मूल तर पूर्ण माणूस धरतात. म्हणजे तुमचा मुलगा धरून स्कूटीवर ट्रिपल सीट होते, वर ओवी. मीही असाच फिरायचो. एकदा वळणावर खडीवरून चाक घसरलं, धाकटी पुढे उभी होती. गुडघे खरचटण्यावर निभावलं, पण त्या दिवसापासून लांब जायचं तर एसटी.

हिशेब करून बघा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे तुमची दोन्ही फुकट. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, म्हणजे तुम्ही आणि आजी मिळून एक. आजी 75 च्या पुढच्या असतील तर त्यांचंही नाही. सगळं घर दोन तिकिटांत जातं आणि कुणी दारात उभं राहत नाही.

आता जागा. माझं आजोळ लिंबकडचं, म्हणून आवर्जून सांगतो: बारा मोटेची विहीर बघा. साताऱ्यापासून 16 किलोमीटर, पुणे महामार्गावरून आत वळायचं. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या वर्षांत बांधली, आत शिलालेख आहे. खोली शंभर फुटांच्या वर. विहीर म्हटल्यावर तुम्ही घाबराल, पण वरून डोकावायची विहीर नाही ती. पायऱ्या उतरून दारातून आत जायचं, मध्ये दगडी महाल आहे, कोरीव खांबांचा. आत शिरलं की अंगावरचं ऊन गळून पडल्यासारखं वाटतं. आजींना वरती झाडाखाली बसता येईल. मात्र ओवी सगळा वेळ कडेवर, आणि मोठ्या माणसांत एकाकडे एकच मूल, हे घरूनच ठरवून निघा.

जुनीसेविका

अगं, मी 28 वर्षं अंगणवाडीत काढली, म्हणून हक्काने "तू" म्हणते.

उलट्या झाल्या तेव्हा काय दिलंस? रसवंतीतला बर्फ घातलेला रस दिला असशील तर पुन्हा देऊ नको. ओआरएसची एक लिटरची मोठी पुडी पर्समध्ये ठेव, अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात घालायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्या-चमच्याने दे, घटाघटा पाजलं की पुन्हा उलटी होते. मूल रडताना डोळ्यात पाणी येत नसेल, लघवी गडद किंवा फार कमी होत असेल, तर घरी वाट बघू नको, डॉक्टरकडे ने.

आणि रोज बाहेर काढायची गरज नाही. सासूबाई घरात आहेत ना? या दिवसांत कुरडया करत असतील. गहू तीन दिवस भिजत घातले की रोज पाणी बदलायचं काम मुलाकडे दे. चीक शिजला की वाटीत काढून त्यावर दूध-साखर. मोबाईल विसरेल. सोऱ्या फिरवायला त्याच्या हातात बळ नाही, पण वाळत घातलेल्या कुरडयांवरचे कावळे हाकलायला साडेचार वर्षांचा पोरगा अगदी योग्य माणूस आहे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर माहुलीला जा. पाचेक किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णा कुठे मिळतात ते दाखव. तिथे शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. आमच्या मुलांना देवळांपेक्षा ती गोष्ट आवडायची, दरवर्षी पुन्हा सांगायला लागायची.

ओवीचीआई (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या गुरुवारी लिंबला जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दादांच्या सांगण्याबद्दल. स्कूटीचं यांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग शेजारच्या काकांची रिक्षा ठरवून आले, जाऊन-येऊन. सहा वाजता निघालो. सासूबाईंनी आदल्या रात्रीच दशम्या करून ठेवल्या होत्या आणि हिरवं नऊवार काढून ठेवलं होतं. मला तेव्हा कळलं की त्यांना किती यायचं होतं.

सातच्या आत पोचलो. आम्ही सोडून तिथे कुणी नव्हतं. आत उतरल्यावर खरंच गार वाटलं, ओला गारवा, माठाच्या बाहेरून हात फिरवल्यावर लागतो तसा. ओवी माझ्या कडेवर ओढणीने बांधलेली. कबुतरं उडाली की ती "भुर्र" म्हणायची आणि वरून तिचाच आवाज परत यायचा. मग तिने तो खेळच केला. मुलाचा हात यांनी धरलेला. भिंतीवर कोरलेले वाघ-सिंहासारखे प्राणी त्याने मोजायला घेतले, चारनंतर त्याला आकडा सापडेना, मग पुन्हा पहिल्यापासून.

वर आल्यावर त्याने विचारलं, "मोट म्हणजे काय?" यांना नीट सांगता येईना, मलाही नाही. आणि सासूबाई बोलायला लागल्या. त्यांच्या माहेरी, कोरेगावकडे, लहानपणी मोट होती. कातड्याची मोठी पिशवी, तिला नाडा, नाड्याला बैल. बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली जायचे तसं पाणी वर यायचं, पाटात पडायचं, आणि बैल पाठी पाठी पुन्हा वर सरकायचे. त्यांचे वडील मोट हाकताना गायचे. त्यांनी एक ओळ म्हणून दाखवली, पुढची त्यांना आठवली नाही. लग्नाला सात वर्षं झाली माझ्या, त्यांच्या वडिलांबद्दल त्या माझ्यासमोर पहिल्यांदा एवढं बोलल्या. आम्ही झाडाखाली दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली. साडेआठला निघालो, नऊला घरात. ऊन लागलंच नाही.

काकू, चीक परवा केला. गव्हाचं पाणी बदलायचं काम त्याने तीन दिवस केलं, एक दिवस अर्धं फरशीवर सांडलं, मी ओरडणार होते पण तुमचं आठवलं. कावळे हाकलायला गच्चीवर सकाळी बसतो, ऊन चढलं की खाली आणते. मोबाईल पूर्ण सुटलाय असं म्हणणार नाही, दुपारी अर्धा तास देते अजून. पण आता काढून घेताना रडारड होत नाही. ओआरएसच्या दोन पुड्या पर्समध्ये आहेत. आणि हो, त्या दिवशी मी बर्फाचा रसच दिला होता.

माहुलीला येत्या रविवारी संध्याकाळी मी, सासूबाई आणि मुलं जाणार आहोत. कुत्र्याची गोष्ट मी आधीच सांगून बसले, आता रोज विचारतो, "वाघ केवढा होता?"

आज सकाळचं सांगते. जिन्याच्या कठड्यावरून त्याने नाडीला दुधाची रिकामी पिशवी बांधून खाली सोडलीय. खाली आजी त्यात तांब्याने पाणी घालतात, वरून तो ओढतो, निम्मं जिन्यात सांडतं. ओवीला बैल केलंय, ती नाडीचं टोक धरून खोलीत चालत जाते आणि मध्येच सोडून देते. सासूबाईंना काल रात्री गाण्याची दुसरी ओळ आठवली.

घाटाखालच्या ताई, पुढच्या गुरुवारी वाईला यायचं ठरतंय, एसटीनेच. मेणवलीच्या घाटावर उतरायला पायऱ्या किती आहेत? सासूबाई म्हणतात गुडघ्याचं बघू, घंटा मला जवळून बघायचीय.