मदत हवी आहे : बीएसए एम२० साठी सायकल थ्रेडचे टॅप-डाय, पूर्ण सेट की सुटे?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९४२ ची बीएसए एम२० आहे. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह. युद्धानंतर लष्कराच्या लिलावातून ज्या गाड्या आपल्याकडे आल्या त्यांतलीच एक. सध्या सगळी खोलून ठेवलीय. पिस्टन-बेअरिंगचं जमेल कसंतरी, घोडं अडलंय ते आट्यांपाशी, म्हणजे ते पाडायच्या हत्यारांपाशी (भोकात आटे पाडतो तो टॅप, बोल्टवर पाडते ती डाय).

ज्यांनी या गाड्या खोलल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीएसएवाले आधी सायकली बनवायचे, आणि सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूटने १९०२ मध्ये ठरवलेले आटे त्यांनी मोटरसायकलवरही चालू ठेवले, हेच सायकल थ्रेड. आट्याचा कोन ६० अंश आणि बोल्ट १/४ इंचाचा असो, ५/१६ चा असो की ३/८ चा, इंचाला आटे २६ च. मोठ्या मापांत काही ठिकाणी २० मिळतात. हे झालं स्टीलमधलं. अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारी स्टडची टोकं जाड आट्यांची, व्हिटवर्थ. ल्युकासच्या मॅगडायनोवर (मॅग्नेटो आणि डायनमो एकत्र) आणि अमल कार्ब्युरेटरवर बीए, म्हणजे छोट्या स्क्रूंचे इंग्रजी आटे. पेट्रोलच्या कॉकला बीएसपी, म्हणजे पाइपचे आटे. आणि एवढं सगळं इंग्रजी असून स्पार्क प्लग मात्र १४ मिमी मेट्रिक!

आता अडचण. कोल्हापुरात उद्यमनगरात जाऊन 'अडीच सुताचा (५/१६ इंच) टॅप द्या' म्हटलं की समोर येतो १८ आट्यांचा व्हिटवर्थ. फारच मागे लागलं तर २२ चा बीएसएफ (बारीक इंग्रजी आटा). २६ म्हटलं की दुकानदार म्हणतो, "दोन सुताला येतो साहेब २६, अडीचला येतच नाही." त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, कारण १/४ चा बीएसएफ खरंच २६ चा असतो. पण त्याचा कोन ५५ अंश. सायकल थ्रेडवर त्याचा नट शेवटपर्यंत चढतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही. एकाने तर 'हे बारीकच आहे' म्हणत २८ चा यूएनएफ (बारीक अमेरिकन आटा) हातात ठेवला.

त्यात मागच्या कुणा मिस्त्रीची करामत. फ्रेमच्या मागच्या दोन लगमध्ये (नळ्या जोडणारे सांधे) त्याने ८ मिमीचे, १ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) बोल्ट बसवलेत. हिशोब करून पाहिला तर ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी आणि २६ आटे म्हणजे ०.९८ मिमी पिच. म्हणजे पहिले दोन-तीन फेरे हातानेच जातात, पुढचं काम पाना करतो. आता त्या भोकात अस्सल ५/१६ चा बोल्ट घातला की खुळखुळतो.

प्रश्न असे. इंग्लंडहून सायकल थ्रेडचा पूर्ण सेट मागवावा का? कुरिअर आणि कस्टम धरून तो चांगलाच महाग पडतोय. कार्बन स्टीलचे स्वस्त आहेत, एचएसएसचे (हाय-स्पीड स्टील) महाग, मग कोणते घ्यावेत? डाय घ्यावी की डाय-नट? लगचं काय करावं? आमचा वेल्डर म्हणतो, भोक भरून देतो, परत आटे पाडा. आणि १/४ चा आटा ५५ चा की ६० चा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? माझ्याकडे थ्रेड गेज (आट्यांना लावून बघायची दातेरी पानं) आहे, पण त्यातलं २६ चं पान ५५ अंशांचं आहे.

प्रतिसाद

सर्वप्रथम वेल्डरला गाडीपासून लांब ठेवा. लग ओतीव असतात, इलेक्ट्रिक वेल्डिंगने कडेला तडा जातो. तो आज दिसत नाही, खड्ड्यात दिसतो. भोक साधं १२ मिमीचं करा, लगमध्ये तेवढं मांस आहे ना ते आधी बघा. लेथवर माइल्ड स्टीलचा साधा बुश काढून सिल्व्हर ब्रेझिंगने बसवा. चांदीचं सोल्डर साधारण ६५० अंशाला वितळतं, फ्रेमचे मूळ पितळी जोड ९०० च्या आसपास, त्यामुळे जुना जोड हलत नाही. गार झाल्यावर ७ मिमीचं ड्रिल आणि ५/१६ × २६ चा टॅप. १/४ × २६ ला ड्रिल ५.४ चं.

सेट घेऊ नका. निम्मी मापं आयुष्यभर तेलकागदात राहतील. १/४, ५/१६, ३/८ एवढे तीन टॅप आणि तेवढ्याच डाय-नट घ्या, यात बहुतेक गाडी निघते. स्पिंडलसारखी मोठी मापं लेथवर टर्नरकडून काढून घ्या. व्हिटवर्थ, बीए, बीएसपी आपल्याकडे मिळतात, ते बाहेरून मागवू नका.

जुने आटे नुसते साफ करायला कार्बन स्टील पुरे. पण वरच्या बुशमध्ये नवे आटे पाडायचेत, म्हणून ५/१६ चा तेवढा एचएसएस घ्या. आणखी एक फरक म्हणजे कार्बनचा टॅप आत तुटला तर लाल तापवून, सावकाश गार करून ड्रिल करता येतो. एचएसएसचा तुटला की स्पार्क इरोजनवाल्याचे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारा) पाय धरा. डाय-नटने फक्त सफाई करायची, ती पान्याने फिरते, अडचणीच्या जागी जाते. नवे बोल्ट बनवणार असाल तर स्प्लिट डाय, तिला स्क्रूने सैल-घट्ट करता येतं. टॅप लावताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक्' असा पडला की मगच सुलटा.

५५-६० चा घोळ फक्त १/४ लाच आहे, कारण ५/१६ पासून पुढे बीएसएफचे आटे २६ राहतच नाहीत, नुसते मोजले तरी कळतं. १/४ चा बोल्ट घासलेटने धुवा, गेजचं पान लावून उजेडासमोर धरा. ५५ चं पान ६० च्या आट्यात तळाशी टेकतं आणि वर तोंडाशी उजेडाची बारीक रेघ दिसते. भिंग घ्या, नुसत्या डोळ्यांनी आमच्या वयात तर नाहीच दिसत.

धागाकर्ता

काका, खूप आभार. वेल्डरला फोन करून नको म्हणून सांगितलं, तो जरा नाराज झाला. लग मोजली, बाहेरून २२ मिमी भरते, म्हणजे १२ चं भोक चालेल असं वाटतं.

मुंबईकरांपैकी कुणी नागदेवी स्ट्रीटला जाणार असेल तर तिथे ३/८ × २६, ६० अंश, एवढं विचारून याल का? फक्त 'सायकल थ्रेड' म्हणू नका, पॅडलचा टॅप काढून देतात.