करकर आधी घालवा, मग लॅमिनेट

लाकडी जमीन चालताना करकरते, तर वरून नवं लॅमिनेट (जमिनीवर बसवायच्या तयार पट्ट्या) टाकलं की ती करकर दबेल का, असं विचारलंय. नाही दबणार. आमच्या न्यू जर्सीच्या घरात कार्पेट उखडल्यावर करकरणाऱ्या जागी पाय दिला, तर प्लायवूड खाली जाई आणि खिळ्याचं डोकं तिथंच वर उभं राही. लाकूड वाळून आकसतं, खिळा सैल होतो, तो घासतो त्याचाच हा आवाज. सगळं उघडं आहे तोवरच पाऊण इंची प्लायवर अडीच इंची डेक स्क्रू (लाकडात मारायचे मजबूत स्क्रू) थेट खालच्या तुळयांत मारा. तुळया बहुधा एकमेकींपासून 16 इंचांवर असतात, खिळ्यांच्या रांगेवरून सापडतात. ड्रायवॉलचे (जिप्सम बोर्डाच्या भिंतीचे) स्क्रू कृपा करून नकोत, चटकन तुटतात. तळघरातून तुळई आणि प्लाय यांच्यात फट दिसली तर तिच्यात पाचरीला गोंद लावून हलकेच सरकवा. जोरात ठोकलीत तर फळी वर उचलली जाऊन शेजारी नवी करकर सुरू होते.