गाडी उंच केल्यानंतर डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो; किती खाली घ्यावा?

पांदणवाला (प्रश्न)

मी केळापूर तालुक्यात शेती करतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर माझी बोलेरो पोटावर टेकत असे, म्हणून उन्हाळ्यात पुढच्या कॉइल स्प्रिंगवर स्पेसर बसवले आणि मागच्या पाट्यांत एक पान वाढवले. मडगार्डच्या कडेपासून मोजले असता गाडी पुढून ५ सेंमी आणि मागून केवळ २ सेंमी उचलली गेली आहे. तेव्हापासून रात्री पांढरकवड्याहून परतताना डिपर (दिव्याचा खालचा झोत) लावलेला असूनही समोरचे चालक मला अप्पर (वरचा झोत) मारतात. परवा तर त्या गडबडीत एक बिनदिव्याची बैलबंडी मला फार उशिरा दिसली. आमचा मेकॅनिक म्हणतो की गाडी जितकी उचलली तितकाच झोत भिंतीवर खाली घ्यावा. हे गणित बरोबर आहे काय?

जुना फिटर

बरोबर नाही. गाडी चारही चाकांवर सारखी ५ सेंमी उचलली असती, तर झोत मूळच्या झोताला समांतर राहून सर्वत्र ५ सेंमीच वर गेला असता आणि कदाचित कोणी तक्रारही केली नसती. आपल्या गाडीचे नाक शेपटीपेक्षा ३ सेंमी जास्त उचलले गेले आहे, खरा घोटाळा तिथे आहे. बोलेरोच्या दोन्ही आसांमधील अंतर २६८ सेंमी असते. म्हणजे गाडी सुमारे १.१ टक्क्याने मागे कलली. हा कल १० मीटरवर ११ सेंमी, तर ५० मीटरवर ५६ सेंमी होतो. डिपरचा मूळ उतार, म्हणजे झोत पुढे जाताना खाली झुकण्याचे प्रमाण, साधारण १ टक्का धरला, तर तो आपल्या गाडीत पूर्णपणे नाहीसा झाला आहे.

गावात सिमेंटचा सपाट ओटा आणि त्यापुढे भिंत असेल अशी जागा शोधावी. जमीन सपाट दिसते म्हणून सपाट मानू नये, गवंड्याची पाणीनळी लावून खात्री करावी. टायरमधील हवा आधी तपासावी आणि चालकाच्या जागी कोणाला तरी बसवावे. दिव्याच्या काचेपासून भिंत बरोबर ५ मीटरवर ठेवून, दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची खडूने भिंतीवर आखावी. एक दिवा कापडाने झाकून दुसरा पाहावा (कापड फार वेळ ठेवू नये, काच तापते). आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो म्हणून डिपरची कड (भिंतीवर उजेड आणि अंधार यांमधील सीमा) डावीकडे तिरपी वर चढते. मोजमाप उजवीकडच्या आडव्या कडेवरच घ्यावे. ५ मीटरवर १ टक्का म्हणजे खडूच्या खुणेखाली ५ सेंमी, दीड टक्का म्हणजे साडेसात. दिवा जितका उंच तितका उतार जास्त लागतो, म्हणून आपण दीड टक्का धरावा. दिव्यामागील स्क्रू कोणत्या दिशेने फिरवल्यावर झोत उतरतो, हे भिंतीकडे पाहूनच ठरवावे.

रात्रपाळी

इतका खटाटोप कशासाठी? १०० वॅटचा बल्ब किंवा एलईडी टाकावा, बंडीही दिसेल आणि हरणही.

जुना फिटर

भाऊ, आजार झोत चुकल्याचा आहे, उजेड कमी असल्याचा नाही. एच-४ बल्ब (अप्पर आणि डिपर दोन्हींचा एकच बल्ब) ६०/५५ वॅटचा असतो आणि रिफ्लेक्टर त्याच्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी बसली नाही की कडच फाटते, मग स्क्रू कितीही फिरवला तरी व्यर्थ. शंभर वॅटने होल्डर वितळतो, तो वेगळाच.

कापूसगाडी

एक गोष्ट राहिली. मागे माल भरला की नाक आणखी उचलते. डॅशबोर्डवर झोत वर-खाली करणारी ० ते ३ आकड्यांची चकती असेल, तर स्क्रू फिरवताना ती शून्यावर ठेवावी आणि भरलेल्या गाडीत पुढचा आकडा लावावा. चकती नसेल, तर नेहमीच्या मालासह एकदा भिंतीवर तपासावे.

पांदणवाला

काल संध्याकाळी केले. दिव्याची उंची ९४ सेंमी निघाली आणि कड तिच्याही अर्धा सेंमी वर होती. ती ८६.५ वर आणली. मग मागे डीएपीची पाच पोती, म्हणजे अडीचशे किलो, ठेवून पाहिले; मागची बाजू ३ सेंमी बसली आणि कड ९२ वर चढली, म्हणजे अजूनही दिव्याच्या खालीच आहे. रात्री पांढरकवड्यापर्यंत जाऊन आलो, एकानेही अप्पर मारला नाही. डाव्या दिव्याचा झोत डावी-उजवीकडे वळवणारा आडवा स्क्रू मात्र गंजून जाम झाला आहे. त्यावर तेल सोडून ठेवले आहे. सुटला नाही, तर पुन्हा विचारीन.