लॅक्टोबॅसिलसचे २५ तुकडे केले, खरंच गरज होती का?

कवडीदही: मी डेअरीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) बघते, बारा वर्षं झाली. एप्रिल २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही आंबवणाऱ्या बॅक्टेरियांची जीनस (जातींचा गट) फोडली, २६१ स्पीशीज (जाती) २५ जीनसमध्ये वाटल्या. प्लँटारम झाला लॅक्टीप्लँटीबॅसिलस, केसाय आणि ऱ्हॅम्नोसस लॅक्टीकेसीबॅसिलस. आता कल्चरच्या (तयार विरजणाच्या) पाकिटावर एक नाव, डेटाशीटवर दुसरं, आणि ऑडिटला आलेला माणूस विचारतो हे दोन वेगळे बॅक्टेरिया आहेत का. दही तेच, आंबटपणा तोच, मग हा खटाटोप कुणासाठी?

जीवाणूवेडा: ताई, ती एक जीनस कधी नव्हतीच हो. १९०१ ला डच शास्त्रज्ञ बायरिंकने नाव दिलं तेव्हा काडीसारखा आकार आणि लॅक्टिक ॲसिड करतो एवढ्यावर भागत होतं. जीनोम (पूर्ण डीएनए) वाचले तर त्यातल्या जी आणि सी ह्या अक्षरांचं, म्हणजे जीसीचं प्रमाण कुठे ३२ टक्के कुठे ५७, एका जीनसमध्ये एवढी तफावत नसतेच, आणि पेडिओकॉकस जो गोल असतो तो ह्याच वंशवृक्षाच्या फांद्यांमध्ये येऊन बसला. आणि दह्याचा बल्गेरिकस जागचा हललेला नाही, तो अजून लॅक्टोबॅसिलसच आहे. विरजणातला लॅक्टोकॉकससुद्धा १९८५ ला स्ट्रेप्टोकॉकसमधून बाहेर काढला, ते चुकलं म्हणाल का?

सायीचंताक: लॅक्टोकॉकसचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझा विरोध वेगळा आहे, जीनसचं नाव विरजण लावणाऱ्याला काहीच सांगत नाही. लॅक्टोकॉकसमध्ये दुधातली साखर पचवायचे जीन्स बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर) असतात, ते प्लाझ्मिड गळलं की नाव तेच राहतं पण दूध वेळेत लागत नाही. आमच्या घरच्या विरजणाला चमचा उचलला की वीतभर तार सुटते आणि मावशीचं दही सुरीने कापावं असं कवडीदार. ही तार चिकट साखरेची, ती करणं न करणं स्ट्रेनवर (एकाच स्पीशीजमधल्या वाणावर) आहे, दोन्ही भांड्यांत एकच स्पीशीज असू शकते. मग सगळा जोर नावावर कशाला?

जीवाणूवेडा: स्ट्रेन महत्त्वाचा हे शंभर टक्के मान्य. पण नुसतं वागण्यावरून नाव दिलं की काय होतं ते लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या क्रेमोरिस ह्या उपजातीत बघा, जीनोम क्रेमोरिसचा आणि टेस्टला वागणूक लॅक्टिसची असे स्ट्रेन लॅबोलॅबी वापरात होते, शेवटी २०२१ ला क्रेमोरिसला स्वतंत्र स्पीशीज करावं लागलं. दुसरं, रोजच्या वापरातल्या स्पीशीजच्या जीनसची नवी नावं मुद्दाम एलवरून ठेवलीत, 'एल. प्लँटारम' लिहिलं तर आजही चालतं.

कवडीदही: तोच तर घोळ! आधी लॅक्टोबॅसिलस असलेला रॉयटेरी आता लिमोसीलॅक्टोबॅसिलस, त्याचाही एल, केसायचाही एल, बल्गेरिकसचाही एल. वेगळे आहेत म्हणून फोडले ना, मग एका अक्षराखाली परत एकत्र का आणता? वंशवृक्षाचं मला पटलं, 'खटाटोप कुणासाठी' हे मागे घेते. पण पाकिटावर नवं नाव पूर्ण हवं, कंसात जुनं, आणि स्ट्रेन नंबर ठळक. आमच्या पुरवठादाराच्या पाकिटावर तो नंबरच नसतो, उद्या बॅच फसली तर मी नक्की कोणता स्ट्रेन बदलून मागू?