आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रविवारचं सत्र: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

अर्चना, बी-३०४ (रात्री ८:४०)
नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीतली बरीच मुलं संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या ग्राउंडला जातात. कबड्डी, पोहणं, बॅडमिंटन, अ‍ॅथलेटिक्स. त्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी येत्या रविवारी क्लब हाउसमध्ये दोन तासांचं सत्र घ्यायचं मी आणि माधुरी वहिनींनी ठरवलंय. विषय: खेळात होणारा छळ ओळखायचा कसा आणि थांबवायचा कसा. मी शाळेत पीटी शिकवते, वहिनी वकील आहेत. पालकांची संमती हवी आहे. शंका असतील तर इथेच विचारा.

संजय, ए-१०२
ताई, हेतू चांगला आहे. पण 'छळ' हा शब्दच जड वाटतो. नसती शंका मुलांच्या डोक्यात घालतोय असं नको व्हायला. कबड्डीत अंगाला हात लागणारच. उद्या प्रत्येक सरांकडे पोरं संशयाने बघायला लागली तर?

वसंत काका, सी-२०१
संजय बरोबर बोलतोय. खो-खोच्या सरांची छडी मी पोटऱ्यांवर खाल्ली आहे आणि त्याच सरांमुळे राज्य स्पर्धेपर्यंत पोचलो. मैदानावर थोडा धाक लागतोच.

स्मिता, बी-५०२
मला तर वाटतं हे पालकांना शिकवा. मुलं लहान आहेत. मी स्वतः मुलीच्या स्विमिंगला रोज तासभर गॅलरीत बसते. लक्ष ठेवणं आपलं काम.

अर्चना, बी-३०४ (रात्री ९:१५)
एकेकाला उत्तर देते. जरा लांबेल, पण वाचा.

स्मिता, तू बसतेस हे चांगलंच. पण अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरचं, लॅरी नासरचं, प्रकरण आठव. उपचाराच्या नावाखाली तो वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत होता आणि कित्येकदा मुलीची आई किंवा वडील त्याच खोलीत होते. तो मुद्दाम असा उभा राहायचा की त्यांना दिसू नये. १९९७ मध्ये १६ वर्षांच्या एका मुलीने आपल्या कोचला सांगितलं होतं. कोचने तिलाच गप्प केलं. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं तो मोकळा होता. २०१८ च्या जानेवारीत त्याला शिक्षा झाली, तेव्हा १५६ जणींनी कोर्टात आपलं म्हणणं मांडलं. आपण गॅलरीत असतो आणि मुलगी पाण्यात असते. काय चाललंय ते आधी तिलाच कळणार. ते सांगायला तिच्याकडे शब्द हवेत.

आणि मुलांनाच का, याचं माझं खरं कारण रुचिका गिऱ्होत्रा. १९९० चा ऑगस्ट, हरियाणातलं पंचकुला. टेनिस खेळणारी १४ वर्षांची मुलगी. राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष हा मोठा पोलीस अधिकारीही होता. त्याने तिला ऑफिसात बोलावलं. सोबत तिची मैत्रीण आराधना होती, वयाने तेवढीच. तिला त्याने कोचला बोलवायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. ती परत आली आणि तो रुचिकाचा विनयभंग करतोय हे तिने पाहिलं. दोघी दोन दिवस गप्प राहिल्या. त्याने रुचिकाला पुन्हा बोलावणं धाडलं तेव्हा घरी सांगितलं. पुढे रुचिकाला शाळेतून काढलं, तिच्या भावाला चोरीच्या केसेसमध्ये अडकवलं, आणि १९९३ च्या डिसेंबरात तिने जीव दिला. निकाल लागला २००९ मध्ये. एकोणीस वर्षांनी. तो लागला कारण आराधना आणि तिचे आईवडील मागे हटले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दोष कायम ठेवला.

मी वर्गात मुलांकडे बघते तेव्हा मला रुचिकाइतकीच आराधना दिसते. या वयाचं पोर काही झालं तर आधी मैत्रिणीला किंवा दोस्ताला सांगतं. मग घरी, तेही सांगितलं तर. ज्याला आधी कळतं, त्यालाच काय करायचं ते माहीत नसेल, तर आपल्या सावधपणाचा काय उपयोग?

संजय, ए-१०२
हे मला माहीत नव्हतं. पण माझा प्रश्न तसाच आहे. स्पर्शाचं काय सांगणार? जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, कबड्डी, हात लावल्याशिवाय शिकवताच येत नाही.

नितीन सर (बॅडमिंटन), डी-४०३
संजयजी, याचं उत्तर मी देतो, बारा वर्षं शिकवतोय. हात लावण्याआधी मी सांगतो: "मनगट धरतोय, ग्रिप बघतो." सगळ्यांसमोर. ज्या भागाचं काम आहे तिथेच. "नको सर" म्हटलं की हात काढतो आणि स्वतःच्या हातावर करून दाखवतो. एवढं मुलांना शिकवलं तर चांगल्या कोचवर कोणी संशय घेणार नाही. उलट नियम स्पष्ट असला की आम्हालाच आधार असतो. मी मुलांना वेगळा मेसेज पाठवत नाही, जे असेल ते पालकांच्या ग्रुपवर. स्पर्धेला एकट्या मुलाला गाडीत नेत नाही. हे लिहून द्यायला तयार आहे.

अर्चना, बी-३०४
सर, हे रविवारी तुमच्याच तोंडून मुलांना ऐकू दे.

वसंत काका, सी-२०१
छडीचं राहिलं.

अर्चना, बी-३०४
काका, विसरले नाही. २०१२ च्या डिसेंबरात जपानमध्ये, ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने आत्महत्या केली. १७ वर्षांचा. कोच त्याला वारंवार थपडा मारायचा. मारून खेळाडू घडतो अशी तिथेही पिढ्यान् पिढ्यांची समजूत. या एका मुलानंतर सगळा देश हादरला.

तुम्ही राज्य स्पर्धेपर्यंत पोचलात ते तुमच्या पायांमुळे, असं मला वाटतं. त्याच छडीमुळे तुमच्याबरोबरचे किती जण मैदान सोडून गेले, ते कुणी मोजलं का?

वसंत काका, सी-२०१
दोघं गेले होते. एक माझ्याहून वेगवान होता.

विद्या, ए-६०१ (रात्री ९:५०)
मी ग्रुपवर फारशी बोलत नाही. आज लिहिते. शाळेत असताना मी आठशे मीटर धावायचे. आमचे कोच दर शनिवारी मुलांच्या देखत मुलींची वजनं करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. अर्धा किलो वाढलं तरी सगळ्यांसमोर नाव ठेवायचे. मी जेवण अर्ध्यावर आणलं. दहावीत सात महिने पाळी आली नाही. आईला वाटलं अभ्यासाचा ताण. पायाच्या हाडाला बारीक तडा गेला, तरी "नाटकं करू नकोस" म्हणून पळवलं. त्यांनी मला कधी बोटही लावलं नाही. म्हणून हा छळ आहे असं तेव्हा मला वाटलंच नाही, आणि इतर कुणालाही नाही. रविवारच्या सत्रात हे नक्की सांगा. लैंगिक गोष्टींपुरतं ठेवू नका.

स्मिता, बी-५०२
विद्या 🙏 मला शब्द सुचत नाहीत.

अर्चना, बी-३०४
विद्याताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सत्राचा अर्धा भाग यावरच आहे. ऑलिंपिक समितीचे तज्ज्ञही मानसिक छळ, मारहाण, लैंगिक अत्याचार आणि हेळसांड, हे सगळं एकत्रच धरतात. दुखापत असताना खेळवणं हे त्यातलंच. कुस्ती-ज्युदोच्या पोरांना वजनगटासाठी पाणी तोडायला लावणं हेही. सीनिअरनी ज्युनिअरकडून कपडे धुऊन घेणं, टूरवर रात्री उठवून 'ओळख परेड' घेणं, हे तर मुलंच मुलांना करतात. तेव्हा समोर बसलेल्यांपैकी काहींना आपणही कुणाला त्रास दिलाय हे कळेल. कळायलाच हवं.

भाषण करणार नाही. प्रसंग देणार आणि गटात बोलायला लावणार. उदाहरणार्थ: सर एकट्या तुलाच नवे शूज देतात आणि म्हणतात, बाकीच्यांना सांगू नको. मग रात्री अकराला मेसेज येतो, "आज छान खेळलीस." मग "आईला कळलं तर तुझं सिलेक्शन अवघड होईल." यात नेमकी कुठल्या पायरीवर शंका यायला हवी? माझ्या शाळेत हे केलं तेव्हा बहुतेक मुलांनी शेवटच्या पायरीवर बोट ठेवलं. नववीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, शूजच्या वेळीच. कारण लपवायला सांगितलं." वर्ग एकदम शांत झाला.

माधुरी वहिनी, सी-५०४
आता कायद्याचं, थोडक्यात. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. १८ वर्षांखालचं कुठलंही मूल त्यात येतं, मुलगाही. मुलग्यांच्या पालकांनी हे दोनदा वाचा. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत. "आपसात मिटवू" हा पर्याय क्लबला नाही आणि आपल्या सोसायटीलाही नाही. मात्र न कळवल्याबद्दलची ही शिक्षा मुलांना लागू नाही. म्हणजे मैत्रिणीचं गुपित ठेवलेल्या मुलीला घाबरायचं कारण नाही.

लोकांना पोलीस स्टेशनची भीती वाटते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि गणवेश घालून येत नाही. १०९८ ही हेल्पलाइन मूल स्वतःही फिरवू शकतं. नंबर मुलांना पाठ करायला लावणार.

संजय, ए-१०२
वहिनी, पुरावा नसेल तर? ते गोव्यातलं स्विमिंगचं प्रकरण व्हिडिओमुळेच बाहेर आलं ना?

माधुरी वहिनी, सी-५०४
हो, २०१९ चं. १५ वर्षांच्या मुलीने कोचच्या लैंगिक अत्याचाराचं स्वतः मोबाइलवर चित्रण केलं. राज्य संघटनेने कोचला काढलं, त्याला अटक झाली आणि देशात कुठेही त्याला काम मिळू नये असं तेव्हाचे क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी जलतरण महासंघाला सांगितलं. पण त्या मुलीवर ही वेळ यायला नको होती. पुरावा गोळा करणं हे मुलाचं काम नाही, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणं पुरेसं आहे. आणि तो व्हिडिओ तेव्हा ग्रुपाग्रुपांवर फिरला, हे सगळ्यात वाईट. असं काही आलं तर पुढे पाठवू नका. मुलाची ओळख उघड करणं हाच वेगळा गुन्हा आहे.

स्मिता, बी-५०२ (रात्री १०:२०)
माझी दहावीतली मुलगी शेजारी बसून सगळं वाचतेय. ती विचारते: मैत्रिणीने "कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे" म्हटलं असेल तर?

अर्चना, बी-३०४
तिला सांग, शपथ मोडायची. पण पाठीमागे नाही. आधी मैत्रिणीला म्हणायचं, "तू सांगितलंस ते खरं मानते. तुझी चूक नाही. पण हे एवढं मोठं आहे की आपल्या दोघींना पेलणार नाही. आपण कुणाला सांगायचं ते तू ठरव, मी सोबत येते." ती फारच घाबरली असेल तर तिला सांगून आपण एकटं जायचं. आठवडाभर रुसेल. रुसू दे.

आणि ज्या मोठ्या माणसाला सांगितलं त्याने हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्याकडे जायचं. दुसऱ्याने नेलं, तर तिसऱ्याकडे. म्हणून रविवारी प्रत्येक मूल स्वतःची तीन नावं कागदावर लिहील, त्यातलं एक घराबाहेरचं. तो कागद आम्ही मागणार नाही.

आणखी एक. कुणाच्या मुलाबाबत काही लक्षात आलं असेल तर या ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. मला किंवा वहिनींना फोन करा. कितीही वाजता.

संजय, ए-१०२
माझ्या दोघांची नावं घ्या. आणि नितीन सरांचे नियम क्लब हाउस आणि पूल, दोन्हीकडे लावायचे का? सोसायटीने नेमलेल्या प्रत्येक कोचकडून सही घ्यायची. मी मसुदा करतो.

वसंत काका, सी-२०१
सगळं पटलं असं म्हणत नाही, धाकाचा मुद्दा मनातून जात नाहीये. पण नातवाला पाठवतो. मीही मागे बसलो तर चालेल का?

अर्चना, बी-३०४
काका, नको. आजोबा समोर असले की मुलं तोंड उघडणार नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी पालक आणि आजी-आजोबांसाठी घेऊ. त्यात तुम्ही बोला. तुमच्याहून वेगवान होता त्याच्याबद्दल बोला.

वसंत काका, सी-२०१
बघतो. आता साठीचा असेल तोही. क्लब हाउसची चावी माझ्याकडेच आहे, नऊला उघडून ठेवतो. सतरंज्या किती लागतील?

अर्चना, बी-३०४
चार. गोल करून बसवणार आहे.