मदत हवी आहे : इंग्रजी अर्जात कॉमा कुठे द्यायचा, कुठे नाही?

जांबोटी_रोड
बस डेपोला द्यायचा अर्ज इंग्रजीत लिहिलाय. गावात सह्या घेण्याआधी कॉमे तपासून हवेत. मजकूर :

"द स्टुडंट्स फ्रॉम जांबोटी अँड निअरबाय व्हिलेजेस, ट्रॅव्हल डेली टु बेळगावी. वुई रिक्वेस्ट यू दॅट, वन मोअर बस मे बी स्टार्टेड अ‍ॅट ७ ए.एम. द बस इज फुल, मेनी स्टुडंट्स रिमेन बिहाइंड."

वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा दिलाय. चूक असेल तर कारणासकट सांगा.

टिळकवाडी
तिन्ही काढा किंवा बदला. इंग्रजीत कॉमा श्वासावर नाही, वाक्याच्या रचनेवर ठरतो.

'व्हिलेजेस'पर्यंत सगळा कर्ता आहे. कर्ता कितीही लांबला तरी तो आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा येत नाही.

दुसरा आपल्या 'की'चा कॉमा. 'विनंती की,' लिहायची सवय असते, म्हणून 'दॅट'नंतरही हात कॉमा देऊन जातो. तिथे नको. खरं तर 'रिक्वेस्ट यू दॅट'च नको. 'वुई रिक्वेस्ट यू टु स्टार्ट वन मोअर बस' लिहून बघा की, प्रश्नच उरत नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडलीत. मराठीत 'बस भरलेली असते, पोरं मागं राहतात' छान वाटतं. इंग्रजीत हा कॉमा स्प्लाइस. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर कॉमापुढे 'अँड', 'बट', 'सो' यांतलं जुळेल ते घाला. 'देअरफोर', 'हाउएव्हर' मात्र या कामाचे नाहीत : त्यांच्याआधी अर्धविराम आणि नंतर कॉमा लागतो.

निपाणी_वाचक
'हू' वापरणार असाल तर जपून. 'द स्टुडंट्स हू वेट अ‍ॅट द लास्ट स्टॉप मिस द बस' म्हणजे फक्त शेवटच्या थांब्यावरचे विद्यार्थी. 'हू'च्या आधी आणि 'स्टॉप'नंतर कॉमा दिलात, तर सगळेच विद्यार्थी शेवटच्या थांब्यावर उभे राहतात असं होतं. मागणी कुणाची, हे त्या दोन कॉमांवर ठरतं. आपल्या 'जे… ते' वाक्यात कॉमा असतोच, म्हणून इथे हमखास चुकतं.

यादीतही शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'आधी कॉमा दिलेला बरा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ओव्हरटाइम कायद्यात तो एक कॉमा नव्हता. अर्थ संदिग्ध राहिला, म्हणून २०१७ साली अपिलात निकाल दूध कंपनीच्या ड्रायव्हरांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

जांबोटी_रोड
मग 'द बस इज फुल सो मेनी स्टुडंट्स आर लेफ्ट बिहाइंड' करू?

टिळकवाडी
कॉमा नसेल तर 'सो मेनी' जोडून वाचलं जातं, म्हणजे 'इतके सारे विद्यार्थी'. कॉमा दिला तरी ते दोन शब्द शेजारीच राहतात. इथे 'अँड' घ्या : 'द बस इज फुल, अँड मेनी स्टुडंट्स आर लेफ्ट बिहाइंड.'