कलेला जात नसते, मग निवड समितीला असते का?

तळ्यात_मळ्यात: दलित-आदिवासी कलाकारांचे चित्रपट आणि चित्रं, असं एक रविवारचं आमंत्रण आलंय. चित्र एक तर चांगलं असतं नाही तर वाईट. ‘फँड्री’ आपण साध्या थेटरात तिकीट काढून पाहिला, त्याला कुठे वेगळा मांडव लागला? आता कलेलाही राखीव खिडकी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निळा_डबा: टाकतो, डोळे मिटू नका.

माझा बाप नागपुरात बोर्ड रंगवायचा. १४ एप्रिलच्या आधीचे दहा दिवस घरात टर्पेंटाइनच्या वासाने घास उतरायचा नाही. आधी निळा कोट, चष्म्यावरची पांढरी रेघ सगळ्यात शेवटी. ती रेघ त्याने मला कधीच मारू दिली नाही. ते सगळं माझ्या चित्रांत आलं. मुंबईत एका गॅलरीत कामं घेऊन गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, “हात चांगलाय हो, पण जरा पोस्टरसारखं होतंय.” मागच्या भिंतीवर जुन्या हिंदी सिनेमांच्या पोस्टरांवरून केलेली कॅनव्हास टांगलेली. ते ‘पॉप आर्ट’ असतं.

आणि फँड्रीचं म्हणाल तर असं एक नाव प्रत्येकाच्या खिशात असतं, वाद झाला की काढायला. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजितच्या ‘नीलम’ संस्थेचा दलित चित्रपट महोत्सव पी. के. रोझीच्या नावाने भरतो. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका. ‘विगतकुमारन’मध्ये दलित बाईने नायर बाईचं काम केलं म्हणून पडद्यावर दगड पडले, तिला गाव सोडून पळावं लागलं. तेही साधं थेटरच होतं, तळ्यातराव.

भाकरवडी: पडद्यावर दगड पडले आणि फँड्रीत जब्याचा दगड पडद्यातून आपल्याकडे येतो. हे कधी जोडलंच नव्हतं. _/\_

तळ्यात_मळ्यात: रोझीचं वाईटच झालं, कोण नाही म्हणतंय. पण वेगळं ताट वाढून घेतलंत तर पंगतीत कोण बोलावणार?

निळा_डबा: पंगत हा शब्द तुम्हीच काढलात, बरं झालं.

सोनचाफा: मला उलट वाटतं. आदिवासी कला आता कुठे नाही? माझ्या कुर्तीवर वारली, सोसायटीच्या गेटवर वारली. अजून किती शोकेस करायचं?

डहाणू_लोकल: ताई, कुर्तीवरची कुणी काढली? नाव सांगा.

माझी आजी धवलेरी होती, म्हणजे आम्हा वारल्यांत लग्न लावणारी बाई. ती गायची आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहायच्या, मधोमध पालघट देवी. गेल्या वर्षी ठाण्यात एका हॉटेलात जेवायला गेले. भिंतभर तारपा नाच (तारपा म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य), आणि अर्धे नाचणारे तारपेवाल्याकडे पाठ करून! आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वेटरला सांगितलं तर म्हणतो, “मॅडम, स्टेन्सिल उलटा बसला असेल.”

सोनचाफा: म्हणजे आता कुर्ती पण घालू नको? गेरू-पांढरा काय कुणाच्या बापाचा आहे?

डहाणू_लोकल: बापाचा नाही. आजीचा.

खवट_काका: आजीचा ना? मग चौक लिहिणाऱ्या बायका गेल्या कुठे? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे मोठेच, २०११ ची पद्मश्री त्यांच्या हक्काची. पण त्यांच्या काळापासून बहुतेक सह्या पुरुषांच्याच दिसतात. वंचितांच्या प्रदर्शनातही बाई वंचितच. लिहून ठेवा.

डहाणू_लोकल: काका, तुमचा खवटपणा पहिल्यांदाच कामी आला. आमचा मामा प्रदर्शनाला चित्रं पाठवतो. झाडांची बारीक पानं सगळी मामी भरते, सही मामाची. मामाला हा धागा दाखवू नका.

निळा_डबा: ‘शोकेस’ शब्दाची मलाही भीती वाटते, सोनचाफा, पण वेगळ्या कारणाने. गोंड चित्रकार जनगडसिंह श्यामला पाटनगढ या त्याच्या गावाहून भोपाळच्या भारत भवनात आणलं, १९८९ ला त्याची चित्रं पॅरिसला गेली, आणि २००१ मध्ये जपानमधल्या एका म्युझियमसाठी चित्रं काढत असताना त्याने तिथेच जीव दिला. ‘दाखवलं’ त्याला भरपूर. काचेची किल्ली कुणाकडे, एवढंच मी विचारतोय.

तळ्यात_मळ्यात: माझा प्रश्न चित्रपटांचा होता. त्यात कुर्ती आणि मामी कुठून आल्या? असो. येतो रविवारी. पण नाही आवडलं तर नाही आवडलं असंच लिहीन, मग माझी जात काढायची नाही.

निळा_डबा: लिहा की. फक्त ‘पोस्टरसारखं’ सोडून दुसरा शब्द शोधा.

सोनचाफा: आणि मी कुर्ती घालून आले तर?

डहाणू_लोकल: या. उलटी बसलीये का ते बघून सांगते.